झाकणाची जागा

जेथे भुयारी गटार पोहोचलेले नाही, तेथे प्रत्येक घराला आपला मैला आपल्याच आवारात, जमिनीखाली सांभाळावा लागतो. त्यासाठी बांधलेल्या बंद टाकीला अभियंते सेप्टिक टँक म्हणतात, पुस्तकी मराठीत तिला मैलाटाकी म्हणता येते, आणि बोलण्यात ती संडासची टाकी किंवा, मूळ शब्द जिभेला सोपा करून घेतल्यामुळे, ‘सेफ्टी टाकी’ होते. या शेवटच्या नावाने नकळत एक गैरसमज रुजवला आहे, की टाकी एकदा बांधली म्हणजे घर सुरक्षित झाले आणि तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरले नाही. टाक्या बांधणारे गवंडी, त्या उपसणारे गाडीवाले आणि तुंबलेले पाईप मोकळे करणारे कारागीर यांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. घराचा जो भाग नजरेआड राहावा म्हणून जमिनीखाली घातला जातो, त्याचीच आठवण सर्वांत काळजीने ठेवावी लागते. ती सुटली की त्याची किंमत बहुतेक वेळा घरमालकाला मोजावी लागत नाही, टाकी उपसायला आलेल्या माणसाला मोजावी लागते.

हा अनुभव येथे गोंदिया जिल्ह्यातील सौंदड या गावाच्या संदर्भात मांडला आहे, आणि त्याला कारण तेथील जमीन व पाणी हे आहे. सडक अर्जुनी तालुक्यातील हे गाव मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर आणि गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर वसलेले असल्यामुळे तेथे खेड्याची घडण आणि रस्त्यालगतची वाढती वस्ती या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. परंतु वस्ती संपते तेथून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, सुरू होतात, आणि टाकीच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक ठरते. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात वर्षाला सुमारे १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि तो वाहून न जाता बांध्यांत, बोड्यांत म्हणजे छोट्या तळ्यांत, व मालगुजारी तलावांत अडून राहावा अशीच या मुलखाची शेकडो वर्षांची रचना आहे. पाणी अडवण्याच्या या कौशल्यावर धान उभे राहते. मात्र मैल्याचे पाणी जमिनीत जिरवायचे असते, आणि जी जमीन आधीच तुडुंब आहे ती आणखी पाणी घेत नाही.

टाकीचे कार्य समजल्याशिवाय तिची देखभाल समजत नाही. टाकीत आलेला मैला एक ते दोन दिवस जवळजवळ स्थिर राहतो. त्या काळात जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणतात, तेलकट व हलका भाग वर तरंगून त्याची साय धरते, तिला तवंग म्हणतात, आणि या दोहोंच्या मधले, तुलनेने निवळ पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपातून शोषखड्ड्याकडे जाते. शोषखड्डा म्हणजे विटांचे तुकडे किंवा दगड भरलेला, अथवा जाळीदार बांधणीचा खड्डा, ज्याच्या भिंतींतून व तळातून पाणी मातीत झिरपते. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. ते गाळाचा काही भाग विरघळवतात, काही भागाचा वायू करतात, परंतु सगळा गाळ कधीच संपवत नाहीत. उरलेला भाग वर्षागणिक चढत जातो आणि निवळ पाण्यासाठी असलेली जागा कमी होत जाते. एका मर्यादेनंतर मैल्याला स्थिर राहायला वेळच मिळत नाही, तो जसा येतो तसाच पुढे ढकलला जातो, आणि शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रे गाळाने बुजतात. टाकी वेळेवर उपसली नाही तर मूळ नुकसान टाकीचे होत नाही, शोषखड्ड्याचे होते. टाकी नंतरही रिकामी करता येते, पण बुजलेली माती पुन्हा मोकळी करता येत नाही, आणि नव्या खड्ड्याला आवारात जागा शोधावी लागते.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० या मानकाने या टाकीची मापे ठरवून दिली आहेत. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत साधारण एक मीटर पाणी राहील इतकी खोल टाकी पुरते. पाण्याच्या पातळीवर ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवायची असते. हे ऐकून सामान्य घरमालकाचा विश्वास बसत नाही, कारण त्याच्या मनातील टाकी याच्या कितीतरी पट मोठी असते. घर बांधताना ‘टाकी मोठी करा, म्हणजे जन्मभर भरायची नाही’ असे सांगणारा मालक आणि ते मान डोलावून ऐकणारा मिस्त्री ही जोडी गावोगावी भेटते. दहा फूट लांब, दहा फूट खोल टाकी ही घराच्या ऐपतीची खूण समजली जाते. कित्येकदा तिला शोषखड्डा नसतो, आडभिंत नसते, बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तोंडाशी तवंग अडवणारा ‘टी’ जोड नसतो, आणि तळ मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, जेणेकरून पाणी आपोआप मुरून जावे. तांत्रिक अर्थाने अशी रचना मैलाटाकी नव्हेच. तो झाकलेला खड्डा आहे. जवळच घरची विहीर किंवा हातपंप असेल, तर त्या खड्ड्यातले पाणी कोठे मुरते याचा विचार करणे भाग पडते. मानकाप्रमाणे शोषव्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर दूर हवी. गावठाणातील चिंचोळ्या आवारांत एवढे अंतर मिळणे कठीण असते, आणि म्हणूनच तेथे कच्च्या तळाची टाकी हा अधिक गंभीर दोष ठरतो.

मोठ्या टाकीविषयीच्या या समजुतीत एक सत्य आहे, ते म्हणजे ती उशिरा भरते. पण उशिरा भरणे आणि कधीच न भरणे यांतील फरक पंधरा-वीस वर्षांनी कळतो, आणि तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेलेली असते. दोन-तीन वर्षांचा गाळ पातळ, ताकापेक्षा थोडा घट्ट असतो. निर्वात पंपाच्या गाडीची नळी आत सोडली की तो ओढला जातो. पंधरा वर्षांचा गाळ स्वतःच्या वजनाखाली दबून शाडूच्या मातीसारखा होतो, त्यात वाळू, राख, कापडाच्या चिंध्या, प्लास्टिकच्या पुड्या घट्ट बसलेल्या असतात, आणि नळी वरचे पाणी ओढून घेते व तळाशी फुसफुसत राहते. पंप खेचू शकेल अशा खोलीलाही मर्यादा आहे. पातळ पाणी जितक्या खोलीवरून वर येते तितक्या खोलीवरून दाट गाळ येत नाही. घरमालकाने गाडीचे पैसे मोजलेले असतात, टाकी अर्धीच रिकामी झालेली दिसत असते, आणि या क्षणी कोणीतरी म्हणतो की एकाने आत उतरून फावड्याने गाळ हलवला तर काम होईल. टाक्यांत होणारे पुष्कळ मृत्यू या एका वाक्याच्या पोटी जन्मलेले आहेत. ते वाक्य त्या दिवशी उच्चारले गेले तरी त्याची तयारी आधीच्या पंधरा वर्षांत, प्रत्येक न केलेल्या उपशाने, झालेली असते. या विषयात नियमित देखभालीला जे महत्त्व आहे ते मुख्यतः या कारणाने आहे, दुर्गंधी किंवा तुंबलेले भांडे ही त्यामानाने किरकोळ गैरसोय होय.

टाकीतील वायूंबद्दल नेमकी माहिती कमी आणि आत्मविश्वास जास्त, असा अनुभव वारंवार येतो. गाळातून मुख्यतः मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट पावतो, म्हणून झाकण उघडल्यावर जवळ विडी पेटवणे किंवा काडी ओढून आत पाहणे जिवावर बेतू शकते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले की नाकाची जाणीवच बधिर होते, वास गेल्यासारखा वाटतो, आणि माणूस आता धोका टळला असे समजून खाली वाकतो. प्रमाण त्याच्या काही पट वाढले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि गाळ ढवळला की त्यात अडकलेला साठा एकदम सुटतो. म्हणजे उतरण्यापूर्वी हवा ठीक होती ही गोष्ट उतरल्यानंतरची कसलीच हमी देत नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत काहीजण टाकीलाही लावतात. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे इतके कळेल, पण तो जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन असेल तर तो कंदीलच अपघाताचे कारण होईल. पहिला माणूस पडलेला पाहून दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुधा हाच क्रम असतो. म्हणून या व्यवसायात ज्याने आयुष्य काढले आहे तो एकच नियम सांगतो आणि त्याला अपवाद ठेवत नाही: टाकीत उतरायचे नाही, डोकेही आत घालायचे नाही, आणि कोणी पडले तर दोराने किंवा आकड्याने वरूनच ओढायचे, मदत बोलवायची, पण मागोमाग उतरायचे नाही.

टाकीतून निघणाऱ्या याच वायुमिश्रणाचा दुसरा चेहराही इतिहासात नोंदला गेला आहे. सेप्टिक टँक हे नाव ज्याच्या टाकीमुळे रूढ झाले त्या डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर येथे टाकी बांधली आणि तिच्या वायूवर दिवे लावले. त्यानंतर लवकरच, १८९७ च्या सुमारास, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवण्यात आले. पुढे पुण्याजवळच्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या वायूसंयंत्रांचा ध्यास घेतला आणि मैल्याकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलण्यात अनेक दशके घालवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. ज्या वायूने एका ठिकाणी दिवा पेटला तोच दुसऱ्या ठिकाणी माणूस मारतो. दोहोंतील फरक इतकाच, की पहिल्या ठिकाणी तो आहे हे लक्षात ठेवून बांधणी केलेली असते. घरगुती टाकीला छपरापेक्षा उंच नेलेला वायुवाहक पाईप आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावायची ती याचसाठी. जाळी नसली तर टाकी डासांचे आगर होते, आणि पाईप बुजला तर वायू घरातील भांड्यातून वर येऊ पाहतो.

टाकी उपसण्याच्या कामावर भारतीय समाजाने जातीचा शिक्का मारला, आणि हे विसरून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे काम कोणालाच नको होते ते काही जातींवर जन्माने लादले गेले, आणि नंतर त्याच कामामुळे त्यांना अस्पृश्य ठरवले गेले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी या साखळीला हात घातला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्याच्या मागणीसाठी त्यांनी केलेल्या उपोषणाला गांधीजींनी येरवड्यातून साथ दिली होती. विदर्भाने तर गाडगे महाराज आणि तुकडोजी महाराज असे दोन संत दिले, ज्यांनी ग्रामसफाईला भक्तीचा दर्जा मिळवून दिला, आणि झाडीपट्टीतील अनेक गावांत आजही सकाळी रस्ते झाडण्याची शिस्त त्यांच्या नावाने पाळली जाते. परंतु झाडू जमिनीवरचे स्वच्छ करतो. जमिनीखालचे काम अजूनही ठरावीक वस्तीतील ठरावीक माणसांना हाक मारूनच उरकले जाते. १९९३ च्या आणि त्याहून व्यापक अशा २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घातली. सुरक्षासाधने व खबरदारी न पुरवता कोणाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही बंदी संस्थांइतकीच खाजगी व्यक्तीला, म्हणजे घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. ही रक्कम पुष्कळ घरमालकांना ठाऊक नसते, आणि ‘पाचशे रुपये जास्त घे पण उतर’ असे म्हणताना आपण काय करत आहोत याचीही जाणीव नसते.

आता पाण्याकडे परत यावे लागते, कारण सौंदडसारख्या ठिकाणी टाकीबद्दलच्या बहुसंख्य तक्रारी गाळाच्या नसून पाण्याच्या असतात. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपून बांध्या भरल्या, तलाव सांडव्यापर्यंत आले, की विहिरींचे पाणी वर चढते, आणि शोषखड्डा ज्या मातीत पाणी सोडतो ती माती भिजून गच्च होते. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन असेल तर ती मुळातच पाणी हळू घेते. सिहारसारखी हलकी, पिवळसर जमीन एरवी झटकन पिते, पण भूजल वर आले की तिचाही उपाय चालत नाही. पोळ्याच्या आसपास शौचालयाचे पाणी उतरेनासे होते, भांड्यात बुडबुडे येतात, आणि घरमालक ठरवतो की टाकी भरली. गाडी बोलावली जाते, टाकी रिकामी होते, आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा काठोकाठ दिसते; मग गाडीवाल्याने फसवले असा बोल लागतो. प्रत्यक्षात त्या टाकीत घरातले पाणी कमी आणि बाहेरून भिंतींच्या भेगांतून, कच्च्या तळातून आत आलेले भूजल जास्त असते. शोषखड्ड्यातून उलट दिशेने पाणी टाकीत येते तेव्हाही चित्र असेच दिसते. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करण्यात आणखी एक जोखीम आहे: आतला भार गेला की बाहेरच्या पाण्याचा दाब भिंती आत ढकलतो, फरशीला तडा जातो, आणि प्लास्टिकच्या तयार टाक्या तर उचलल्याही जातात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमधील तुंबणीवर उपसा हे उत्तर सहसा बरोबर नसते. त्या दिवसांत न्हाणीचे, धुण्याचे व स्वयंपाकघराचे पाणी टाकीत न सोडता वेगळे काढावे, छपराच्या पागोळ्या शोषखड्ड्यावर पडत असतील तर त्या वळवाव्यात, आणि टाकीवर येणारा भार कमी करावा. अनेकदा एवढ्यावर पाऊस ओसरेपर्यंत निभावते.

उपशाचा योग्य काळ या पट्ट्यात धान कापणीनंतरचा आहे. दिवाळी उलटून मळणी संपली, तनसीचे ढीग लागले, की पाणी खाली गेलेले असते, वाटा कोरड्या असतात आणि जड गाडी घराच्या मागच्या अंगाला नेता येते. पावसाळ्यात तीच गाडी चिखलात रुतते, किंवा लांबच लांब नळी जोडावी लागल्यामुळे गाळ नीट ओढला जात नाही. छोट्या घरगुती टाक्या दर दोन वर्षांनी, फार तर तीन वर्षांनी उपसाव्यात असे मानके व केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिका सांगतात, पण घरातील माणसे, पाहुण्यांचा राबता आणि पाण्याचा वापर सर्वत्र सारखा नसल्यामुळे गाळ मोजून पाहणे अधिक भरवशाचे. त्यासाठी सरळ बांबूच्या खालच्या टोकाला पांढरे जुने कापड गुंडाळून तो हळूच तळापर्यंत सोडायचा, थोडा वेळ धरायचा आणि सावकाश वर काढायचा. कापडावर जेथपर्यंत काळा, चिकट थर धरलेला दिसतो तेवढी गाळाची उंची समजावी. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापू लागले की उपशाची वेळ जवळ आली, आणि निम्म्यावर गेले तर उशीर झाला असे मानावे. हे मोजमाप उभ्याने, वारा पाठीवर घेऊन, झाकण काही काळ उघडे ठेवल्यानंतर करायचे असते, आणि लहान मुलांना व जनावरांना त्या काळात आवारातून दूर ठेवायचे असते. उपसताना सगळा गाळ खरवडून काढण्याची गरज नाही. तळाशी बोटभर थर राहू दिला तर नव्या मैल्याला विरजण मिळते. काहीजण टाकी रिकामी झाल्यावर शेणाचे पाणी ओततात; त्याने अपाय नाही, परंतु मैल्यात आवश्यक ते जिवाणू मुळातच असतात, त्यामुळे बाजारातल्या महागड्या भुकट्यांप्रमाणे याचीही निकड नसते, आणि कोणतीही भुकटी उपशाची जागा घेऊ शकत नाही.

टाकीत काय जाऊ नये याची यादी प्रत्येक घराला पाठ असावी अशी अपेक्षा असते, पण ती घराघराच्या सवयींनुसार बदलते. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात भांडी घासलेली राख न्हाणीतून टाकीत जाते आणि तळाशी सिमेंटसारखी बसते. तिच्यावर कोणताही जिवाणू काम करू शकत नाही. सॅनिटरी पॅड, खर्‍याच्या पन्न्या, केसांचे गुंतोळे आणि उरलेले तेल हे नळी अडवणारे नेहमीचे पदार्थ. शौचालय धुण्यासाठी आठवड्यातून थोडे फिनाईल वापरल्याने टाकी मरत नाही. मात्र डाग काढण्यासाठी बाटलीभर आम्ल ओतले तर जिवाणूंचे काम काही दिवस थांबते आणि सिमेंटचे जोडही खाल्ले जातात.

उपसलेला गाळ कोठे जातो हा प्रश्न घरमालक क्वचित विचारतो, आणि गाडी फाटकाबाहेर गेली की आपला संबंध संपला असे समजतो. धानाच्या मुलखात या प्रश्नाला विशेष वजन आहे. गाळात खत आहे हे खरे, पण ताज्या गाळात जंतांची अंडी असतात. गोल जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात, आणि अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात. रोवणीच्या दिवसांत बायका दिवसचे दिवस घोटाभर चिखलात अनवाणी, वाकून उभ्या असतात. ज्या बांधीत उन्हाळ्यात चोरून टाकीची गाडी ओतली गेली त्या बांधीत आषाढात त्यांचे पाय पडतात, आणि महिनोन्‌महिने टिकणारा अशक्तपणा कोठून आला हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बोडीत किंवा नाल्यात सोडलेला गाळ तर पाण्याबरोबर सगळ्या गावाचा होतो. गाळ वस्ती व पाण्यापासून दूर, खोल चरात घालून मातीने झाकणे, किंवा वाळवून वर्ष-दीड वर्ष बाजूला ठेवल्यानंतरच शेतात वापरणे, हे साधे व स्वस्त मार्ग आहेत. स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबांना बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहनातून बांधता येणाऱ्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाची रचना याच तत्त्वावर उभी आहे: एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिल्याला दीड-दोन वर्षे विश्रांती द्यायची, आणि मग त्यातले कोरडे, मातीसारखे झालेले खत काढायचे. या रचनेत गाडी लागत नाही, पंप लागत नाही, कोणाला ओल्या मैल्याला हात लावावा लागत नाही; तरीही दोन छोटे खड्डे गरिबीचे आणि एक मोठी टाकी प्रतिष्ठेची, ही समजूत गावोगावी तिच्या आड आली आहे. दोन खड्डे बांधूनही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणारी घरे काही कमी नाहीत, कारण प्रवाह वळवण्याचे चेंबर कोठे आहे आणि ते कशासाठी आहे हे गवंडी जाताना सांगत नाही.

उपशाचे काम घरमालकाच्या आठवणीवर सोडले की ते होत नाही, हे ओळखून महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी वेगळा मार्ग धरला. वाईत २०१८ पासून प्रत्येक मालमत्तेची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या वेळापत्रकाने उपसली जाऊ लागली. तक्रारीची वाट पाहिली जात नाही, गाडी गल्लीगल्लीने फिरते, खर्च करांतून भागवला जातो, आणि गाळ प्रक्रियाकेंद्रात जातो. या व्यवस्थेचे खरे मोल तीन वर्षांचा गाळ पंपाने ओढता येतो यात आहे. तो घट्ट होण्याआधीच निघतो, आणि आत उतरण्याचा विषयच निघत नाही. ग्रामपंचायतीला एकटीने गाडी व केंद्र परवडत नाही हे मान्य करूनही, शेजारच्या चार-सहा गावांनी मिळून एक गाडी आणि एक चर-जागा ठरवणे अशक्य नाही. ज्या तालुक्यात एका मालगुजारी तलावाचे पाणी कितीतरी शेतकरी पाळी लावून वाटून घेत आले आहेत, तेथे टाक्यांची पाळी लावणे ही काही अनोळखी कल्पना नव्हे.

तोपर्यंत जे काही करायचे ते घराला करावे लागते, आणि त्यातील पहिली अडचण तांत्रिक नसतेच. उपशाला आलेल्या गाडीचा बराच वेळ झाकण शोधण्यात जातो. ज्याने घर बांधले तो वारलेला असतो, मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो, मधल्या काळात अंगणाला फरशी बसलेली असते, किंवा टाकीवर पाण्याचा हौद, गाईचा गोठा, मोटारसायकलची शेड उभी राहिलेली असते. मग पहारीने फरशी ठोकून पोकळ आवाज कोठे येतो ते ऐकले जाते, सासूबाई एक जागा दाखवतात, थोरला दीर दुसरी, आणि अखेर फोडलेली चांगली फरशी पाहून घरातील सगळेच नाराज होतात. झाकण सापडले तरी ते सिमेंटने कायमचे लिंपलेले असते, आणि कडा फोडताना त्याचा तुकडा आत पडतो. पुढे त्या जागी पातळ पत्रा टाकून ठेवला तर तो गंजतो, आणि वर्षभराने एखादे वासरू किंवा खेळणारे मूल त्यावर पाय देते.

म्हणून या कामातील जाणता कारागीर उपसा झाल्यावर लगेच सामान आवरत नाही. तो झाकण कडीसह, दोन माणसांना उचलता येईल इतके जाड, सिमेंटऐवजी मातीच्या गिलाव्यावर बसवून देतो, बाहेर जाणाऱ्या पाईपाचा ‘टी’ जागेवर आहे की नाही ते बाहेरूनच पाहतो, वायुवाहक पाईपाची जाळी बदलतो, आणि घरातील मोठ्या माणसाबरोबर एखाद्या शाळकरी मुलालाही बोलावून भिंतीच्या कोपऱ्यापासून झाकणापर्यंतची पावले मोजायला लावतो. मग वायुवाहक पाईपाजवळच्या भिंतीवर, सारवताना किंवा रंग देताना पुसले जाऊ नये अशा उंचीवर, तो ऑइलपेंटने तीन गोष्टी लिहितो: कोपऱ्यापासूनची पावले, गाळाची त्या दिवशी मोजलेली उंची, आणि उपशाची तारीख.